चिंचेपर्यंत

भाद्रपद लागला की माझा उजवा हात आपोआप काहीतरी शोधू लागतो. खुर्चीत बसलेली असते, हात गुडघ्याशेजारी जातो, मूठ वळते, आणि तिथे काहीच नसतं. डॉक्टरांना मी हे सांगितलेलं नाही. ते लगेच कसलीतरी तपासणी लिहून देतील, आणि हात काय शोधतो आहे ते मला पक्कं ठाऊक आहे. तो जीपचा दांडा शोधतो.

परवा मंदार अमरावतीहून त्याची गाडी घेऊन आला. मंदार म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. पन्नाशीला टेकलाय, पण जुन्या जीपा हुडकायच्या, खोलायच्या, उंच करायच्या आणि रविवारी मित्रांबरोबर चिखलदऱ्याकडे नेऊन चिखलात लोळवायच्या, हा त्याचा छंद काही सुटत नाही. त्याची बायको म्हणते, एवढं तर कोणी म्हशीचंही करत नाही. त्याने मला हाताला धरून खाली पार्किंगमध्ये नेलं आणि म्हणाला, "आत्या, नवे टायर पाहा."

"एवढे रुंद?"

"रुंद असले की रुतत नाहीत ना!"

मी हसले. त्याला वाटलं, म्हातारीला कौतुक वाटलं. हेच वाक्य मी पासष्ट वर्षांपूर्वी याच जागेवर ऐकलं होतं. तेव्हा इथे पार्किंग नव्हतं, आमचं अकोल्याचं अंगण होतं, आणि ते वाक्य म्हणणारे होते मंदारचे आजोबा, म्हणजे माझे बाबा. त्यांनी ते इतक्या ठासून म्हटलं होतं की समोरच्याला हो म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ते वकील होते.

पन्नासचं दशक सरत आलं होतं. माझी इंटरची परीक्षा झालेली, लग्न कुठे जमत नव्हतं, आणि बाबांना चौकटी लागू लागल्या होत्या. दारातून जाताना खांदा आपटायचा, कोर्टात शेजारी उभा असलेला कारकून दिसायचा नाही. अमरावतीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. बाजूचं दिसणं आधी जाईल, मधलं शेवटी, आणि गेलेलं परत येणार नाही. बाबा घरी आले, आईची एक बांगडी मागून घेतली, डोळ्याला लावून आम्हाला म्हणाले, "सध्या एवढं दिसतं." आई रडायला लागली. बांगडी परत देताना ते म्हणाले, "अजून दिसतं तोवर मला एकदा भाद्रपदातलं शेत पाहायचं आहे."

आमचं शेत बार्शीटाकळीच्या पुढे दोन कोसांवर होतं. बाबा आठ वर्षांचे होईतो त्याच गावात वाढले, मग शिकायला अकोल्याला आले ते इथलेच झाले. तेव्हापासून शेत त्यांनी पाहिलं ते दसऱ्यानंतरच, पांढरं. पावसाळ्यात कोर्ट चालू आणि वाट बंद. ती काळी माती एकदा भिजली की माणसाची चप्पल ठेवून घेते, तिथे गाडीघोड्याची काय कथा. बैलगाडीसुद्धा लोक नाइलाज असेल तरच घालत. पण कपाशीला फुलं येतात ती नेमकी तेव्हाच. पहिल्या दिवशी पिवळी, दुसऱ्या दिवशी गुलाबी, तिसऱ्या दिवशी मातीत. विहिरीजवळ एक चिंच होती, तिच्या फांदीवर लहानपणी बसलं की पार बांधापर्यंत पिवळं दिसायचं, असं बाबा सांगायचे. घरात ते पुस्तकी मराठी बोलत, पण जीव गुंतला की वऱ्हाडी बाहेर यायची. "अथूनतथून पिवळंच पिवळं," असं म्हणून ते हात पसरायचे.

ती चिंच मी पाहिलेली नाही. माझ्या जन्माच्या आधीच तिच्यावर वीज पडली आणि ती उभी फाटली. बाबांनीच ती तोडवली आणि बुंध्याचा एक लांब ओंडका बैलगाडीत घालून अकोल्याला आणला. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तो अंगणाच्या कोपऱ्यात पडून होता. आई त्यावर सूप, परात, काय वाटेल ते वाळत घालायची.

आषाढात बाबांनी एक जीप आणली. लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या जीपा हात बदलत बदलत आमच्या भागात आल्या होत्या, त्यांतलीच ही एक. आणली म्हणजे बैलांनी ओढून आणली. दारं नाहीत, छत नाही, आणि सुकाणूचं चाक डाव्या बाजूला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाप्पा, हे तं उलटी हाय!" बाबांनी त्यांना परदेशातल्या रस्त्याच्या बाजूंवर व्याख्यान दिलं, पण गाडी जागची हलत नव्हती हे खरंच होतं.

मग गफूरचाचा आले. लढाईत ब्रह्मदेशाच्या बाजूला लष्कराच्या गाड्या दुरुस्त करून आलेले हे मिस्त्री. अकोल्यात त्यांचं दुकान म्हणजे एक कडुनिंबाचं झाड. नटबोल्टचे पाने, हातोड्या, साखळ्या सगळं फांद्यांना टांगलेलं. आमची जीप झाडाखाली जाऊ शकत नव्हती म्हणून झाडच आमच्याकडे आलं, असं बाबा म्हणायचे. चाचा गाडी लगेच खोलत नसत. एक हातभर लांब पेचकस घ्यायचे, त्याचं टोक इंजिनाला लावायचं आणि मूठ कानाला. डोळे मिटून ऐकायचे. एकदा मला हाक मारून पेचकस माझ्या कानाशी दिला.

"आइक, कमलबेटी. आतमंधी कोन रडून राह्यलं?"

मला नुसता खडखडाट ऐकू आला. आठ दिवसांनी त्या खडखडाटातला एक आवाज वेगळा काढता आला तेव्हा मला जो आनंद झाला तो इंटर पास झाल्यावरही झाला नव्हता. आईला वाटायचं मुलगी तेलकट होऊन राहिली, आता हिला कोण करणार. मी मात्र सकाळी चाचांची सायकल फाटकाशी वाजायची वाट पाहत असायची. चाचा काढलेला प्रत्येक नट ओल्या गोणपाटावर ओळीने मांडत, आणि ती ओळ कोणी ओलांडलेली त्यांना खपत नसे. आई हळदीकुंकवाच्या बायकांना मागच्या दाराने घेई.

याच दिवसांत बाबांनी सकाळची एक मोजणी सुरू केली होती. खुर्चीत ताठ बसायचं, समोर पाहायचं, हात बाजूला लांब करून बोट हलवायचं आणि ते दिसेपर्यंत हात पुढे आणायचा. आषाढात बोट खांद्याच्या जरा पुढे आलं की दिसे. श्रावणात बरंच पुढे. आम्ही सगळे आपापली कामं करत आहोत असं दाखवत ते बोट पाहत असायचो. एकीकडे जीप जुळत होती, दुसरीकडे ते बोट नाकाकडे सरकत होतं, आणि दोन्हींची शर्यत कोणीही उघड बोलून दाखवत नव्हतं.

इथे आमच्या हातून चूक झाली, आणि ती आठवली की मला अजून बाबांचा राग येतो. जीपचे मूळचे टायर अरुंद होते. बाबा म्हणाले, हत्तीचा पाय रुंद म्हणून तो रुतत नाही, तेव्हा रुंद टायर घाला. चाचांनी मान खाजवली. त्यांच्या मनात काहीतरी होतं, पण वकीलसाहेबांशी वाद कोण घालणार? त्यांनी एका मोठ्या ट्रकचे टायर मिळवले, ते बसावेत म्हणून पत्रा कापला, आणि जीप एखाद्या फुगलेल्या पैलवानासारखी दिसू लागली. दुसरी चूक दिवसाची. कोर्टाला सुट्टी म्हणून बाबांनी जायला पोळ्याचा दिवस काढला. आई म्हणाली, "अहो, आज पोळा." बाबा म्हणाले, "मोटारीला कुठला पोळा?"

बार्शीटाकळीपर्यंत झोकात गेलो. काळ्या मातीत शिरलो आणि शंभर पावलांत संपलो. रुंद टायर रुतले नाहीत हे खरं, बाबांचं म्हणणं तेवढं खरं ठरलं. पण त्यांनी माती उचलली, थरावर थर गुंडाळला, आणि टायर आणि पत्रा यांच्यामध्ये ती माती अशी गच्च बसली की चाकं फिरेनात. इंजिन ओरडत होतं आणि गाडी जागच्या जागी थरथरत होती. आवाज ऐकून गावातून लोक आले. पुढे आमचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, पुंडलिक, नवं धोतर नेसून, सणाच्या तोंडानं.

बाबा म्हणाले, "पुंडलिक, बैल आन."

पुंडलिक हात जोडून उभा राहिला. "मालक, आज?"

तेव्हा बाबांच्या लक्षात आलं. त्या गावातच वाढलेला माणूस, पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत हे त्यांनी विसरावं! वेशीजवळ बैल उभे होते, शिंगं रंगवलेली, अंगावर झुली, आदल्या दिवशी खांद्यांना हळदलोणी लावलेलं. सगळ्या गावात त्या दिवशी बैलांएवढं निवांत कोणी नव्हतं. एक म्हातारा जीपभोवती फेरी मारून आला, टायरकडे पाहत म्हणाला, "ह्या मोटरीच्या पायात खडावा काहून घातल्या जी? आमच्या बंडीचं चाक पाह्यलं का कदी? बारीक चाक माती कापते, खालच्या कडक भुईले लागते. हे तं माती गोया करत बसलं."

शेत तिथून अजून जवळजवळ दोन कोसांवर होतं. बाबा बराच वेळ त्या दिशेला तोंड करून उभे होते. चालत जाणं त्यांच्या गुडघ्यांना आणि डोळ्यांना शक्य नव्हतं. मग एका बाजूने चाचा आणि एका बाजूने मी असं धरून त्यांना उलटं सडकेपर्यंत आणलं. जीप तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी बैलांनी ती ओढून काढली, तेव्हा म्हणे गावातल्या पोरांनी तिला बेगडं चिकटवली होती.

पुढचे तीन आठवडे चाचांनी जे काम केलं तसं काम मी पुन्हा पाहिलं नाही. जुने अरुंद टायर परत आले. चाकांवरचा पत्रा आणखी वर कापला, माती अडकायला जागाच उरू नये म्हणून. वखराच्या पासेला, म्हणजे लोखंडी पात्याला, चिकटलेली माती शेतकरी काठीने खरवडतो, ते त्यांना आठवलं, आणि त्यांनी प्रत्येक चाकामागे बोटभर अंतरावर एकेक लोखंडी पट्टी बसवली, चाक फिरलं की माती आपोआप खरवडली जावी म्हणून. पुढे आदळआपट झेलायला मजबूत काहीतरी हवं होतं. चाचांची नजर कोपऱ्यातल्या ओंडक्यावर गेली. त्यांनी बाबांना विचारलं. बाबांनी ओंडक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "लाव. तिलेही घरी जाऊ दे एकदा." चाचांनी स्वतःच्या हातांनी चिंच कापली, रंधा मारला, भोकं पाडली आणि जीपच्या तोंडाशी ठोकली. लाकूड लालसर काळं निघालं. आईने आपल्या वस्तू वाळवायला आता दुसरी जागा शोधावी, असं बाबांनी जाहीर केलं.

आणि गाडी चालवणार कोण, हेही ठरलं. चाचा म्हणाले, "मी पुढं चालतो, गाडी कमल आनीन." चिखलात बंडी, म्हणजे बैलगाडी, घालायची तर एक माणूस अनवाणी पुढे चालतो, पायाने वाट चाचपत. हे त्यांनी पोळ्याच्या दिवशी त्या म्हाताऱ्याकडून ऐकून घेतलं होतं. आई मटकन खाली बसली. तीन आठवडे मी अंगणात जीप पुढे-मागे करत होते. डाव्या बाजूला बसायचं, उजव्या हाताशी तीन दांडे. एक नेहमीचा, एक पुढच्या चाकांना कामाला लावणारा, आणि एक आखूड, ज्याने गाडी मुंगीच्या पावलांनी चालते पण भिंतही ओढेल. तो आखूड दांडा माझा लाडका होता. आजही हात शोधतो तो तोच.

आम्ही निघालो तेव्हा पितृपंधरवडा लागला होता. आई म्हणाली, असल्या दिवसांत कुठे जाता? बाबा म्हणाले, "पितरांचंच शेत आहे, त्यांची काय हरकत असणार?" त्या दिवशी सकाळची मोजणी त्यांनी केली नाही. आदल्या दिवशी बोट पार नाकासमोर आलं होतं, आणि तरी ते ‘दिसलं’ म्हणायला थांबले होते.

काळ्या मातीच्या तोंडाशी पुंडलिक उभा होता. त्याने हळदलोण्याची वाटी आणली होती. चिंचेच्या लाकडाला दोन्ही टोकांना ती लावली आणि म्हणाला, "येचाबी खांदाच हाय." चाचांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला, चपला काढून जीपमध्ये ठेवल्या आणि मला म्हणाले, "माह्या पायाच्या खुनंवर डावं चाक ठेव. मी हात वर केला की थांब. न् अटकली तं चाक फिरवू नको बेटी, फिरतं चाक आपलाच खड्डा खंदते."

दोन कोस मी फक्त त्यांची पाठ आणि पावलं पाहिली. घोट्यापर्यंत पाय गेला की जीप यायची, पोटरीपर्यंत गेला की हात वर व्हायचा आणि चाचा दुसरीकडून वाट काढायचे. मागे पट्ट्या माती खरवडत होत्या, तिचे लोळे थपाथप पडत होते. नाल्यापाशी चाचांनी पंख्याचा पट्टा काढला, पाणी उडून इंजिन भिजू नये म्हणून, पुढे गोणपाट बांधलं, आणि कमरेएवढ्या पाण्यातून उलटे चालत, माझ्याकडे तोंड करून, मला पलीकडे नेलं. बाबा उजवीकडे बसले होते, दोन्ही हात समोरच्या पट्टीवर.  मला भीती वाटत नव्हती. त्या दोन कोसांइतकी मी आयुष्यात कधीच सुखी नव्हते, आणि हे मला तेव्हाच कळत होतं.

शेताच्या बांधाशी जीप उभी केली. इंजिन बंद झालं. सगळं शेत पिवळं होतं.

बाबा काचेच्या चौकटीला धरून उभे राहिले. मी खाली उतरून एक फूल तोडलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते बोटांनी चाचपलं. "हे कालचं," ते म्हणाले, "मिटलंय. गुलाबी झालं असेल."

फूल त्यांच्या डोळ्यांसमोर वीतभरावर होतं, आणि गुलाबीच होतं.  चाचा जीपला टेकून तळव्यातले बाभळीचे काटे काढत होते, ते थांबले. आम्हाला उशीर झाला होता. तीन आठवड्यांचा.

मग बाबांनी विहिरीच्या बाजूला तोंड वळवलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "कमल, चिंच काय मोठी झाली गं!"

मी चाचांकडे पाहिलं. त्यांच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर ती चिंच होती, चिखलाने माखलेली, तिच्यावर पुंडलिकाची हळद. ती त्यांनी स्वतः कापली होती.  चाचा पायातला काटा ओढून काढत म्हणाले, "व्हय, वकीलसाहेब. भल्ली डेरेदार हाय."

पुंडलिक वळून चाकाची माती काढायला लागला.

"तुला दिसते ना?" बाबांनी मला विचारलं.

"हो, बाबा."

"तिच्यापर्यंत सगळं पिवळं आहे ना?"

"पार तिच्या बुडापर्यंत," मी म्हणाले.

दिवाळीपर्यंत बाबांना उजेड आणि अंधार एवढंच कळायचं उरलं. त्यानंतर ते अकरा वर्षं जगले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या दिवसाची हकिगत सांगत राहिले. त्यात चिंच असायचीच. कोणी कधी दुरुस्ती केली नाही. जीप अकोटच्या एका जिनिंगवाल्याकडे गेली. पुढे शाळेत नोकरीला लागल्यावर मी एस.टी.ने अकोटला जायची तेव्हा स्टँडबाहेरच्या प्रत्येक जुन्या जीपचं तोंड पाहायची, लाकूड दिसतं का म्हणून. गफूरचाचा माझ्या लग्नाला आले होते. इतर लोक भांडीकुंडी देत होते, त्यांनी मला तो लांब पेचकस दिला. तो माझ्याकडे आहे. कधीमधी मी तो फ्रिजला लावून ऐकते.

एक गोष्ट मात्र मला सबंध आयुष्यभर टोचत राहिली. बाबांना ठाऊक होतं की चिंच नाही. मग ते तसं का म्हणाले? मला वाटायचं, त्यांना काहीच दिसलं नाही, आणि आमची मेहनत फुकट गेली असं आम्हाला वाटू नये म्हणून त्यांनी आमची समजूत काढली. चाचांचे रक्ताळलेले पाय, माझे तीन आठवडे, यांची भरपाई म्हणून एक झाड उभं केलं. असं वाटलं की त्या रुंद टायरांचा राग यायचा. ते नसते तर पोळ्याच्या दिवशी त्यांनी खरंच पाहिलं असतं. हे त्यांना विचारायचं मनात असून मी अकरा वर्षांत विचारलं नाही, आणि नंतर विचारायला कोणी उरलं नाही.

काल मंदार म्हणाला, "चल आत्या, शेतावर जाऊ." आता बांधापर्यंत डांबरी आहे. त्याचे रुंद टायर आरामात गुणगुणत गेले. मी डावीकडे बसले होते. आता डावी बाजू पाहुण्याची. उजवा हात गुडघ्याशेजारी गेला आणि त्याच्या गाडीच्या दांड्याला लागला, तेव्हा मंदार दचकला. "आत्या, गिअर आहे तो." मी म्हटलं, "माहीत आहे मला."

शेतात सोयाबीन आहे. सगळीकडेच सोयाबीन आहे. हिरवं, बुटकं, एकसारखं. मंदारने गाडी बांधाशी उभी केली, नेमकी तिथेच, आणि विचारलं, "आजोबांच्या वेळी कापूस कुठपर्यंत होता गं?"

मी हात लांब केला आणि म्हणाले, "त्या चिंचेपर्यंत."

तोंडातून निघून गेलं. माझे डोळे शाबूत आहेत, दर वर्षी काचबिंदूची तपासणी करून घेते. समोर सोयाबीन होतं, विहिरीचा कठडा होता, विजेचा खांब होता. पण बोट गेलं ते नेमकं तिच्यावर, विहिरीच्या डाव्या अंगाला, आणि मला खोटं बोलल्यासारखं जरासुद्धा वाटलं नाही. तेव्हा मला कळलं की बाबांनी आमची समजूत काढली नव्हती. आम्ही त्यांना जिथे न्यायचं होतं तिथे नेऊन पोहोचवलं होतं.

मंदारने माझ्याकडे पाहिलं, मग त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. त्याचा चेहरा कावराबावरा झाला. मग अगदी हळू आवाजात, जपून, तो म्हणाला, "हो आत्या. बरीच मोठी आहे."

मी त्याला काही सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, "तिच्यापर्यंत सगळं पिवळं होतं."